साठ जुड्या मेथी, एक प्लग

पडेगाव रस्त्यावरच्या समता अपार्टमेंटचा जिना संघपाल दाभाडे हल्ली भिंतीकडे तोंड करून उतरतात. समोरून कोणी आलंच, तर खिशातला मोबाईल काढून काहीतरी महत्त्वाचं वाचत असल्यासारखं करतात. मोबाईल बहुतेक वेळा बंद असतो. एकतीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळलेला, साहेबांच्या मसुद्यातल्या चुका लाल शाईनं दाखवून देणारा हा माणूस. त्याच्यावर ही वेळ आणली ती मेथीनं.

दाभाडे कन्नडला थोरल्या बहिणीच्या, केसरबाईंच्या नातवाच्या नामकरणाला गेले होते. परतताना आठवडी बाजार लागला. बाजारात मेथी नुसती ओतून ठेवलेली, कोवळी, हिरवीगार. विकणारी बाई म्हणाली, "घ्या की साहेब, न्हाईतर सांजच्याला गुरांम्होरं टाकायची हाय." साहेब हा शब्द कानावर पडला की दाभाड्यांचं भान नोकरीत असताना अर्धं जात असे, निवृत्तीनंतर पुरतं जातं. त्यांनी साठ जुड्या मेथी घेतली आणि तोल साधावा म्हणून वीस जुड्या पालकही घेतला.

जीपपर्यंत सोडायला आलेल्या केसरबाई दोन्ही पोत्यांकडे बघतच राहिल्या.

"आरं संघपाला, कुणाचं लगीन काढलंस? आन् नेतुसच तर गच्चीवर वाळव. आपली माय वाळवायची तशी."

"आक्का, वाळवलेल्या मेथीत काय राहतं? आता लोक फ्रीझ करतात. उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, मग बर्फाच्या पाण्यात, पिळायची नि पिशवीत भरायची. वर्षभर ताजी."

हे सगळं त्यांनी चार मिनिटांच्या व्हिडिओत पाहिलं होतं. व्हिडिओतल्या बाईंनी एकच जुडी घेतली होती, हा तपशील त्यांच्या लक्षात राहिला नव्हता.

घरी बायकोनं, रत्नमालाबाईंनी, दार उघडलं, पोती पाहिली आणि फक्त एक प्रश्न विचारला. "नळ कवा येणार हाय, ठावं हाय का?"

नळ तीन दिवसांनी येणार होता. त्या शहरात पाण्याची पाळी माहीत नसणारा माणूस एक तर पाहुणा असतो किंवा दाभाडे. मेथीला तीन दिवसांची मुदत नव्हती. शेवटी रत्नमालाबाईंनी धुण्यासाठी साठवलेल्या पाण्याचा ड्रम मेथीला गेला आणि पुढचे तीन दिवस दाभाडे एकाच सदऱ्यावर राहिले.

भाजी घरात मावेना म्हणून जुड्या पॅसेजमध्ये ओतल्या गेल्या, आणि जिन्यावरून जाणारं-येणारं प्रत्येक माणूस टेकलं. प्रत्येकानं एकेक जुडी निवडली आणि दोन-दोन सल्ले दिले. कुणी म्हणालं पाण्यात मीठ टाका, कुणी म्हणालं साखर, कुणी खाण्याचा सोडा. तिसऱ्या मजल्यावरच्या मोनिकानं सांगितलं की पाला पूर्ण कोरडा झाल्याशिवाय भरू नका, नाहीतर फ्रीजरमध्ये बर्फ साठतं. सगळ्यांत बरोबर सल्ला हाच होता, आणि मोनिका वयानं सगळ्यांत लहान असल्यामुळे दाभाड्यांनी तेवढाच ऐकला नाही.

बर्फासाठी ते स्कूटरवरून छावणीत गेले. पायाशी लादी ठेवून, वर पोतं टाकून, दोन्ही पाय लांब पसरून घरी पोहोचेपर्यंत लादीची वीट झाली होती आणि पँट गुडघ्यापासून खाली भिजली होती. भर चौकात एका ओळखीच्या शिपायानं नमस्कार करून "साहेब, बरं आहे ना?" असं पँटकडे बघत विचारलं. दाभाडे "बर्फ, बर्फ" म्हणाले, तोवर सिग्नल सुटला होता.

तरीही मेथी उकळली, गार झाली, पिळली गेली. बेचाळीस पाकिटं तयार झाली. प्रत्येकावर चिठ्ठी होती, अनुक्रमांक, प्रकार, दिनांक, आणि कोपऱ्यात दाभाड्यांची आद्याक्षरं. मग त्यांनी स्वतःच्या फ्रीजचा वरचा कप्पा उघडला. त्यात बर्फाचा एक ट्रे, अर्धा नारळ आणि पाच पाकिटं मावली.

अशा वेळी समोरच्या दारातून मुबारकभाई बाहेर आले.

मुबारकभाईंचं छावणीत मोटार वाइंडिंगचं दुकान. मधे काही दिवस त्यांनी थंड पेयांचा धंदा करून पाहिला होता. धंदा बसला आणि त्यातून एक भला मोठा आडवा डीप फ्रीजर मागे उरला. तो घरात मावत नसल्यामुळे दोन्ही दारांच्या मधल्या पॅसेजमध्ये उभा होता. एरवी तो बंदच असे. रमजानच्या आधी मात्र त्यांच्या बायकोचा, शाइस्ता भाभींचा, त्यावर हक्क असे.

"साब, इत्ती फिकर कायकू? आपला फ्रीजर हाय की. ठेवा तिच्यात," मुबारकभाई म्हणाले.

"भाभींचं सामान..."

"अरे हौ, उनका भी रहेंगा, तुमचं बी रहेंगा. तुमची अमानत हाय, संभालेंगे."

सदतीस पाकिटं फ्रीजरच्या तळाशी रचली गेली. त्यांच्यावर शाइस्ता भाभी रोज थोडे थोडे समोसे ठेवत गेल्या. कीम्याचे, तीनशे. हे समोसे घरच्यासाठी नव्हते. त्यांच्या मुलीचं, युसराचं, डिसेंबरात लग्न झालं होतं आणि लग्नानंतरचा हा पहिला रमजान. पहिल्या रोज्याची इफ्तारी माहेराहून सासरी जायची, आणि त्या ताटांवरून सासरची माणसं माहेराला तोलणार, हे शाइस्ता भाभींना चांगलं ठाऊक होतं. पंधरा दिवस त्या दुपारची झोप सोडून पट्ट्या लाटत होत्या.

इतकं सुरळीत चाललेलं दाभाड्यांना सोसवेना. सामायिक वस्तू आहे म्हटल्यावर तिची नोंद हवी. त्यांनी एक तक्ता आखला. अनुक्रमांक, दिनांक, उघडल्याची वेळ, कारण, बंद केल्याची वेळ, सही, शेरा. तो फ्रीजरच्या वर भिंतीवर लावला आणि दोऱ्यानं पेन बांधलं. मुबारकभाईंनी तो कौतुकानं वाचला.

"साब, ये शेरे में क्या लिखने का?"

"काही अडचण नसली तर 'दप्तरी दाखल' लिहायचं."

"मतलब?"

"म्हणजे विषय संपला. फाईल बंद. पुन्हा कुणी काढायची नाही."

"बहोत अच्छा लफ्ज है," मुबारकभाई म्हणाले आणि दोनदा घोळवून पाठ केला.

पुढचे दहा दिवस समोसा ठेवायलाही सही लागे. शाइस्ता भाभी पिठाच्या हातानं सही करत. तक्त्याच्या प्रत्येक ओळीत पिठाचं एक बोट उमटलेलं असे.

पहिला रोजा चार दिवसांवर आला. रविवारी दाभाडे पाहणीला गेले, तेव्हा फ्रीजरच्या भिंतींवर बोटभर बर्फ साठलेलं दिसलं. ओली मेथी आपला गुण दाखवत होती. मोनिकाला कळण्याआधी हे निस्तरायचं ठरवून त्यांनी आधी तक्त्यात रीतसर नोंद केली. क्रमांक तेवीस, सकाळी अकरा वीस, कारण "प्लग काढून बर्फ साफ करणे", सही. मग प्लग काढला, झाकण उघडं टाकलं आणि फडकं आणायला वळणार, तोच फोन वाजला.

फोन सोसायटीच्या सेक्रेटरींचा, कृष्णा वाघमोडेंचा. "दाभाडे काका, खाली या. तळमजल्याची मोरी तुंबलीय आणि तिच्यातून मेथीचे देठ निघताहेत."

"मेथी या बिल्डिंगमध्ये फक्त मीच खातो, असा काही पुरावा आहे का?" असं म्हणत दाभाडे तरातरा खाली गेले. पुरावा होता. देठांसोबत एक चिठ्ठीही निघाली होती आणि तिच्या कोपऱ्यात आद्याक्षरं होती. मग प्लंबर आला, बादल्या आल्या, काठी आली. दाभाड्यांनी काठी धरली, वाघमोड्यांनी शब्द धरले. दोन वाजता ते वर आले ते दुखावलेला मान घेऊन थेट मागच्या जिन्यानं. जेवले आणि झोपले.

संध्याकाळी पॅसेजमधल्या आवाजानं त्यांना जाग आली. दार उघडलं तर पायाखाली पाणी. शाइस्ता भाभी परातीत मऊ पडलेले समोसे उचलत होत्या. समोसे हातात घेतले की उकलत होते. मुबारकभाई शेवटची हिरवी पाकिटं छातीशी धरून आपल्या घरात नेत होते.

"साब, फिकर नको करो!" त्यांनी दाभाड्यांना बघताच सांगितलं. "तुमची भाजी सगळी बचाई. वरचे समोसे हटाके पैले तीच काढली. घरच्या फ्रीजमधलं आमचं सगळं बाहेर काढलं नि तुमची ठेवली. सदतीस, मोजून."

"आणि समोसे?"

"खालचे थोडे कडक थे, लेकिन जगा किधर थी? जाने दो साब. अमानत पैले."

 दाभाड्यांची नजर प्लगकडे गेली. प्लग आता बोर्डात होता, म्हणजे कुणीतरी लावला होता. दोन शब्द बोलायचे होते, माझी चूक, एवढेच. तोंड उघडलं आणि एकतीस वर्षांची सवय बोलली.

"दुपारी लाईट गेली असंल."

 मुबारकभाईंनी शाइस्ता भाभींकडे पाहिलं, भाभींनी परातीकडे.

"हौ साब," मुबारकभाई म्हणाले. "गई होगी लाईट."

इथं थांबले असते तरी निभावलं असतं. पण खोटं बोलायची सवय नसलेला माणूस बोललाच, तर पुराव्यासकट बोलतो. दाभाड्यांनी रात्री बसून वीज कचेरीला अर्ज लिहिला, "रविवारी सकाळी ११.२० ते सायंकाळी ६.४० या कालावधीत वीजपुरवठा खंडित होऊन पवित्र सणाच्या तोंडावर खाद्यपदार्थांचे नुकसान झाले." सहा चाळीस ही वेळ पॅसेजमधल्या गोंधळात त्यांनी घड्याळात पाहिली होती. अकरा वीस कशी सुचली याचा त्यांनी विचार केला नाही.

सोमवारी ते सह्या गोळा करत दारोदार फिरले. मोनिका अर्ज वाचून म्हणाली, "काका, पण दुपारी माझं वॉशिंग मशीन चालू होतं."

"तुमचा फेज वेगळा असेल."

तिनं एकदा खालच्या पॅसेजकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे, आणि मुकाट्यानं सही केली. सगळ्यांनीच केली. इतक्या सहज सह्या मिळाल्या की दाभाड्यांना आपल्या मसुद्याचा अभिमान वाटला. वाघमोड्यांनी तर सही करताना "अकरा वीस, बरोबर," एवढंच म्हटलं आणि ओठ दाबले.

मंगळवारी अर्ज द्यायला निघाले, तर मुबारकभाईंनी दुकान बंद ठेवून स्कूटर काढली. "अकेले कायकू जाते, मैं आता." जन्मभर मोटारी बांधणारा, विजेची नस न् नस ओळखणारा माणूस दाभाड्यांना मागे बसवून वीज गेल्याची तक्रार द्यायला निघाला.   दाभाड्यांना दर सिग्नलला वाटत होतं की आता सांगावं, आणि दर सिग्नल सुटत होता.

खिडकीतल्या बाईंनी संगणकात पाहिलं. "काका, रविवारी तुमच्या भागात एक मिनिटही लाईट गेलेली नाही."

"नीट बघा," दाभाडे म्हणाले. आवाज त्यांचाच होता, पण फार बारीक.

"नीटच बघितलं. घरातलाच प्लग निघाला असेल कुणाच्या हातानं."

दाभाड्यांच्या कानशिलांतून वाफा निघायला लागल्या. त्या वेळी मुबारकभाई पुढे झाले. "मॅडम, आमचे साब बोल रहे ना? तीस साल सरकारी नोकरी की उन्होंने. साब बोले लाईट गई, तो गई. आप अर्ज लेके ठप्पा मारो."

बाईंनी अर्ज घेतला, शिक्का मारला, पोच दिली. आयुष्यात हजारो पोचपावत्या हाताळलेल्या दाभाड्यांना ती धरवेना.

घरी येताच मुबारकभाई खाली गाडी लावत थांबले आणि दाभाडे वर चढले. पॅसेजमध्ये फ्रीजर घुमत होता. त्यावर तक्ता होता. गेले दोन दिवस ते त्याच्यासमोरून मान खाली घालून जात होते, आता पहिल्यांदा वर पाहिलं.

क्रमांक तेवीस. अकरा वीस. "प्लग काढून बर्फ साफ करणे." खाली त्यांची सही, झोकदार, शेपटीसकट. जिन्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर दोन दिवस लटकलेली.

'बंद केल्याची वेळ' हा रकाना त्यांनी रिकामा सोडला होता. तो आता रिकामा नव्हता. वळणदार नसलेल्या, जपून काढलेल्या अक्षरांत तिथं लिहिलं होतं, "सं. ६.४०. मुबारक." पाणी पुसायच्या, समोसे उचलायच्या, सदतीस पाकिटं मोजायच्या गडबडीतही त्या माणसानं दाभाड्यांचा नियम पाळला होता. म्हणजे त्यांनी "लाईट गेली असंल" म्हटलं, तेव्हा तो हे वाचून मोकळा झाला होता.

दाभाड्यांना भयंकर लाज वाटली. समोशांची लाज होतीच, खोट्याचीही होती. पण खिडकीपाशी आपल्यासाठी पुढे झालेल्या मुबारकभाईंची आठवण येताच त्यांना तिथं उभं राहवेना.

मागे रत्नमालाबाई दारात उभ्या होत्या. "वाचलं का शेवटी?"

"तुला माहीत होतं?"

"सगळ्या बिल्डिंगीला माहीत हाय. तुमीच तेवढे राहिले व्हते."

"मग सांगितलं का नाही?"

"म्या कशाला सांगू? भाभीनं आण घातली व्हती. भाईसाबको शरम आएगी, म्हणली."

दाभाड्यांनी दोऱ्याचं पेन धरलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहू लागले. "नजरचुकीने असे घडून आले की", लिहिलं आणि खोडलं. "तांत्रिक कारणास्तव", तेही खोडलं. एकतीस वर्षांत त्यांनी चुकीला कर्ता कधी दिला नव्हता, चुका आपोआप घडून येत असत. आता रकाना अर्धा भरला होता. उरलेल्या जागेत त्यांनी बारीक अक्षरांत लिहिलं, "प्लग मी काढला, मी लावला नाही. लाईट गेली नव्हती. खोटे बोललो. संघपाल दाभाडे."

लिहिलं खरं, पण समोरची बेल दाबवेना. बेल रत्नमालाबाईंनी दाबली.

आत शाइस्ता भाभी पोळपाटापाशी बसल्या होत्या. परवा रोजा होता, पट्ट्यांचा ढीग लाटून झाला होता आणि कीमा एवढासाच आणला होता. दाभाडे उंबऱ्यावरच उभे राहिले.

"भाभी, लाईट गेली नव्हती."

"मालूम है भाईसाब," त्यांनी वर न बघता म्हटलं. "मैदे की लेई उधर है. बैठो, पट्टी चिपकाओ."

"मुबारकभाई तिकडं खिडकीत माझ्यासाठी..."

"आपने बोला लाईट गई. बड़े आदमी हो, पड़ोसी हो. मुँह पे कैसे बोलते?" मग पट्टी दुमडत, हलक्या आवाजात, "रोना तो आया था मेरेकू. झूठ नहीं बोलूँगी. पंधरा दिन की मेहनत थी."

दाभाडे उंबरा ओलांडून आत आले. त्यांनी मुबारकभाईंच्या स्वयंपाकघरातला फ्रीज उघडला आणि सदतीसच्या सदतीस पाकिटं ओट्यावर मांडली. "कीमा कमी आहे ना? मेथी घाला त्यात. माझी अमानत मी परत घेतली. आता ही युसराची."

दीड दिवस चौघं बसली. मेथी-कीम्याचे तीनशे समोसे झाले. दाभाड्यांच्या हातून समोसा काही वळेना. एकतीस वर्षं हातांना पाकिटांची सवय, त्यांचे समोसे चारी बाजूंनी दुमडलेले, चपटे, जणू टपालात टाकायचे. शाइस्ता भाभींनी ते निमूटपणे परातीच्या तळाशी दडवले.

पहिल्या रोज्याच्या संध्याकाळी इफ्तारीची ताटं गेली. रात्री युसराचा फोन आला. भाभींनी स्पीकर लावला. सासूबाईंनी मेथीची कृती विचारली होती, आणि सासऱ्यांना जाणून घ्यायचं होतं की ते चपटे कोणत्या गावचे. भाभी हसू लागल्या, मग डोळे पुसू लागल्या. दाभाडे खिडकीतून बाहेर बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तक्ता काढायला गेले. त्यांच्या कबुलीखाली जागा नव्हती म्हणून कागदाच्या समासात, त्याच जपून काढलेल्या अक्षरांत दोन ओळी होत्या.

"वाचलं. दप्तरी दाखल. मुबारक."

दाभाड्यांनी ते तीनदा वाचलं. डोळे भरून आले तेव्हा कुणी पाहू नये म्हणून त्यांनी घाईनं फ्रीजरचं झाकण उचललं आणि आत तोंड घातलं. आत काहीच नव्हतं, नुसता गारवा होता.

"साब, वो कागज मत निकालो," मागून मुबारकभाई म्हणाले. "रेकॉर्ड है."

आतून शाइस्ता भाभींचा आवाज आला, "भाईसाब, ढक्कन!"

दाभाड्यांनी झाकण लावलं. प्लग बोर्डात आहे हे दोनदा हात लावून पाहिलं. मग पेन उचललं, नवी ओळ घातली आणि बंद केल्याची वेळ लिहिली.